प्रस्तावना : ‘सीएलआय’पासून ‘आर्च’पर्यंत

लिनक्स कर्नलमध्ये ऑक्टोबर 2010 मध्ये एक बदल स्वीकारला गेला. त्याने कर्नलला नवी क्षमता दिली नाही, नवे उपकरण चालू केले नाही, आणि संगणक वापरणाऱ्या कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. डेव्हिड हॉवेल्स यांनी वीसहून अधिक आर्किटेक्चरांच्या फायलींत हात घालून काही फंक्शनांची नावे बदलली. ‘रॉ_लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ होते तिथे ‘आर्च_लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ आले. ‘एनेबल’, ‘सेव्ह’, ‘रिस्टोअर’ या भावंडांनाही तोच उपसर्ग लागला. जानेवारी 2011 मध्ये निघालेल्या 2.6.37 आवृत्तीपासून ही नावे रूढ झाली आणि आजही तीच चालू आहेत. वरवर पाहता हे झाडलोटीचे काम वाटते. पण कर्नलची रचना कशी विचार करून उभी राहते, हे एखाद्या विद्यार्थ्याला दाखवायचे झाले, तर जे दोन-चार बदल मी आधी उघडून ठेवीन त्यांत हा एक असेल. या पुस्तकाचा विषय तोच आहे: इंटरप्ट बंद-चालू करणाऱ्या, आर्किटेक्चरागणिक वेगळ्या लिहाव्या लागणाऱ्या मूठभर फंक्शनांना नावे कशी मिळाली, ती का बदलली आणि ती बरोबर असणे इतके महत्त्वाचे का आहे.

आधी मूळ गरज. प्रोसेसर आपल्या वाटेने एकेक इन्स्ट्रक्शन चालवत असतो. मध्येच नेटवर्क कार्डावर पॅकेट येते, टायमरचा ठोका पडतो, डिस्क मागितलेला ब्लॉक आणून ठेवते. उपकरणाची अशी हाक म्हणजे इंटरप्ट. प्रोसेसर हातातले काम जिथल्या तिथे थांबवतो, त्या उपकरणाचा हँडलर चालवतो आणि परत येतो. हातातले काम आणि हँडलर एकाच माहितीला हात लावत असतील तर घोटाळा होतो. समजा, ड्रायव्हर एका लिंक्ड लिस्टच्या मधोमध नवा घटक जोडतो आहे. पुढचा दुवा लावून झाला, मागचा लावायचा राहिला, आणि नेमका त्याच क्षणी इंटरप्ट आला. हँडलरने त्याच लिस्टमधून एखादा घटक काढला, की परत आल्यावर ड्रायव्हर आता अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर दुवा लिहितो. असा बिघाड महिन्यातून एकदा होतो, लॉगमध्ये काही सापडत नाही आणि पुन्हा घडवून पाहता येत नाही. म्हणून तेवढ्या दोन-तीन ओळींपुरते प्रोसेसरला सांगायचे, की आता कोणाचे ऐकू नकोस.

मात्र ‘बंद कर’ आणि ‘चालू कर’ एवढ्यावर भागत नाही. पहिल्या फंक्शनने इंटरप्ट बंद केले आणि दुसऱ्या फंक्शनला हाक मारली. दुसऱ्यानेही आपल्यापुरते बंद केले, काम उरकले आणि जाताना चालू केले. परत आल्यावर पहिल्याची समजूत अशी, की आपण अजून सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात दार उघडे पडलेले असते. म्हणून तिसरी आणि चौथी क्रिया लागते: आधीची स्थिती जपून ठेवून बंद करणे, आणि जशी होती तशी परत करणे. आधी बंद असेल तर बंदच राहू देणे, चालू असेल तर चालू करणे. शिवाय ‘आत्ता बंद आहे का’ असे विचारता यायला हवे. इथवर सगळ्या यंत्रांची गरज सारखी आहे. ती पुरी करण्याची तऱ्हा मात्र एका यंत्राची दुसऱ्याशी जुळत नाही.

इंटेलच्या 8086 या 1978 सालच्या प्रोसेसरात फ्लॅग रजिस्टरमधला नऊ क्रमांकाचा बिट इंटरप्टसाठी राखलेला आहे. ‘सीएलआय’ ही इन्स्ट्रक्शन तो पुसते आणि ‘एसटीआय’ तो लावते. आजच्या 64 बिटांच्या वंशजांतही हेच चालते. याच्याही आधीच्या पीडीपी-11 वर असा एकच खटका नव्हता. तिथे प्रोसेसरची स्वतःची प्राधान्य-पातळी शून्य ते सात यांपैकी एक असे, आणि तिच्यापेक्षा वरच्या पातळीचा इंटरप्टच आत शिरू शके. मोटोरोलाच्या 68000 घराण्यात आणि स्पार्कमध्येही पातळ्याच आहेत. आयबीएमच्या मेनफ्रेमवर सिस्टिम मास्क नावाचा प्रकार आहे. जुना मास्क मेमरीत ठेवून नवा लावणे ही तिथे एकाच इन्स्ट्रक्शनची करामत आहे. रिस्क-फाइव्हमध्ये ‘एसस्टेटस’ रजिस्टरातला एक बिट आहे, आणि तो वाचणे व पुसणे एका झटक्यात होते.

युनिक्सने नावांचा हा प्रश्न पहिल्यांदा कसा हाताळला ते पाहण्याजोगे आहे. 1975 च्या सहाव्या आवृत्तीत फंक्शनांची नावे ‘एसपीएल0’, ‘एसपीएल5’, ‘एसपीएल6’, ‘एसपीएल7’ अशी होती. पातळी लावा आणि हा आकडा लावा, इतका सरळ मामला. पीडीपी-11 वर हे अगदी चपखल बसत होते, कारण आकडा थेट यंत्राचाच होता. पुढे युनिक्स व्हॅक्सवर गेले. तिथे पातळ्या शून्य ते एकतीस, त्यामुळे पाच या आकड्याला काही अर्थच उरला नाही. बर्कलेच्या युनिक्समध्ये हळूहळू ‘एसपीएलटीटीवाय’, ‘एसपीएलबायो’, ‘एसपीएलनेट’ अशी नावे रुळली. टर्मिनलचे इंटरप्ट थोपवा, डिस्कचे थोपवा, नेटवर्कचे थोपवा. आकडा कोणता लावायचा ते ज्या त्या यंत्राच्या फायलीने पाहावे. माझ्या मते या विषयातले पहिले खरे पाऊल हेच आहे. यंत्रात काय हलवायचे हे नाव आता सांगत नव्हते. हाक मारणाऱ्याला कशापासून संरक्षण हवे आहे, हे सांगत होते.

लिनक्सला ही वाट पुन्हा पहिल्यापासून तुडवावी लागली. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 80386 साठी कर्नल लिहिला, तेव्हा दुसऱ्या प्रोसेसरावर तो नेण्याचा विचारच नव्हता. पहिल्या 0.01 आवृत्तीतल्या ‘सिस्टिम.एच’ फायलीत ‘सीएलआय()’ आणि ‘एसटीआय()’ हे दोन मॅक्रो आहेत. प्रत्येकाच्या पोटात त्याच नावाची इन्स्ट्रक्शन, दुसरे काही नाही. एका यंत्रापुरत्या कर्नलसाठी हे नाव निर्दोष होते. मार्च 1995 मधल्या 1.2 आवृत्तीत अल्फा, मिप्स आणि स्पार्क आले. अल्फावर ‘सीएलआय’ नावाची इन्स्ट्रक्शनच नाही. तिथे पातळी बदलण्यासाठी पाल्कोड या फर्मवेअरच्या थराला विनंती करावी लागते. तरीही फंक्शनचे नाव ‘सीएलआय()’च राहिले, कारण शेकडो ड्रायव्हर तीच हाक मारत होते. इंटेलच्या असेंब्लीतले एक अक्षरत्रिक अल्फाच्या फायलीत जाऊन बसले. ते वाचणाऱ्या अल्फाच्या जाणकाराला आधी इंटेल शिकावे लागे.

तरी इथवर नुकसान वाचनापुरतेच होते. खरी किंमत मोजावी लागली ती एकाहून अधिक प्रोसेसर आल्यावर. 1996 च्या 2.0 आवृत्तीपासून लिनक्स अनेक प्रोसेसरांवर चालू लागला. ‘सीएलआय’ ही इन्स्ट्रक्शन ज्या प्रोसेसरावर चालते तेवढ्याचेच कान बंद करते. पण ड्रायव्हर तर ‘सीएलआय() म्हटले की हँडलर येणार नाही’ या भरवशावर लिहिलेले. शेजारच्या प्रोसेसरावर हँडलर खुशाल येऊ शकत होता. हजारो ओळी नव्याने लिहिण्यापेक्षा नावाचा अर्थच ताणला गेला. ‘सीएलआय()’ म्हणजे सगळ्या प्रोसेसरांवर एकही हँडलर चालू नाही याची हमी. ही हमी देण्यासाठी ते एक जागतिक कुलूप घेई, इतर प्रोसेसरांवरचे हँडलर संपेपर्यंत वाट पाही आणि मगच परत येई. ज्याला खरोखर फक्त आपल्या प्रोसेसरापुरते बंद करायचे असेल त्याच्यासाठी पुढे दोन अधोरेखा लावून ‘__सीएलआय()’ ठेवले होते. म्हणजे ज्या नावाची इन्स्ट्रक्शन एका प्रोसेसरापुरती, ते साधे नाव सर्वांसाठी. आणि जे इन्स्ट्रक्शनशी इमान राखते ते नाव अधोरेखांआड. नवशिक्याने यातून काय उमजून घ्यावे?

हे ओझे जुलै 2002 मध्ये इंगो मोल्नार यांनी उतरवले. 2.5.28 या विकासातल्या आवृत्तीत, एकाहून अधिक प्रोसेसरांसाठी बांधलेल्या कर्नलमधून ‘सीएलआय()’, ‘एसटीआय()’ आणि त्यांच्या संगतीचे तीन मॅक्रो काढून टाकले गेले. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी एक टिपणही सोबत ठेवले होते: यापुढे आपली माहिती स्पिनलॉकने, म्हणजे मोकळे होईपर्यंत फिरत वाट पाहायला लावणाऱ्या कुलपाने, राखा, आणि इंटरप्ट बंद करायचेच असतील तर ‘लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ वापरा. कितीतरी जुने ड्रायव्हर त्या दिवशी कंपाइल होईनासे झाले. हा कठोर निर्णय मला योग्य वाटतो. नाव तसेच ठेवून आतला अर्थ गुपचूप बदलला असता, तर तेच ड्रायव्हर कंपाइल झाले असते, चालले असते आणि कधीतरी माहिती नासवून बसले असते. जुना अर्थ संपला की जुने नावही संपले पाहिजे, म्हणजे कंपायलर तुमच्या वतीने प्रत्येक जुन्या जागेपाशी थांबून विचारतो, की आता इथे काय हवे आहे?

‘लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ या नावातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. ‘लोकल’ म्हणजे फक्त या प्रोसेसरावर. दुसऱ्यांबद्दल कोणतेही आश्वासन नाही. ‘आयआरक्यू’ म्हणजे थोपवता येणारे इंटरप्ट. जो थोपवता येत नाही असा एनएमआय याच्या कक्षेत येत नाही. ‘डिसेबल’ म्हणजे बंद करणे, आधीची स्थिती न जपता. कोणत्याही प्रोसेसराची एकही इन्स्ट्रक्शन या नावात नाही. शेजारीच ‘डिसेबल_आयआरक्यू()’ नावाचे वेगळे फंक्शन आहे, आणि शब्दांच्या उलटापालटीने परीक्षेत व मुलाखतीत अनेकांची फसगत होते. ते कंसात क्रमांक घेते आणि त्या एका उपकरणाची इंटरप्ट-वाट सर्व प्रोसेसरांसाठी बंद करते. शिवाय त्या वाटेचा हँडलर कुठे चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबते. म्हणूनच ते आपल्याच हँडलरमधून बोलावले तर स्वतःच्याच संपण्याची वाट पाहत ते कायमचे अडकते. एक प्रोसेसरचे कान झाकते, दुसरे एका उपकरणाचे तोंड. ‘लोकल’ हा शब्द नसता तर हा फरक नुसत्या नावावरून कधीच कळला नसता.

सप्टेंबर 2006 मध्ये 2.6.18 आवृत्तीत ‘लॉकडेप’ आले आणि नावांचा नवा गुंता त्याच्याबरोबर आला. लॉकडेप हे मोल्नार यांचेच मोठे काम. एखादे कुलूप हँडलरमध्ये घेतले जाते का, आणि तेच कुलूप दुसरीकडे कुठे इंटरप्ट चालू असताना घेतले जाते का, याची ते नोंद ठेवते. दोन्ही दिसले, की प्रत्यक्ष अडकण्याची वेळ येण्यापूर्वीच ते इशारा देते. यासाठी इंटरप्ट नेमके कधी बंद झाले आणि कधी चालू झाले हे त्याला कळायला हवे. म्हणून ‘लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ हे सामान्य कोडमधले वेष्टण झाले: आतून खरे काम करायचे आणि मग लॉकडेपला खबर द्यायची. खऱ्या कामाला वेगळे नाव हवे होते, ते ‘रॉ_लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ असे दिले गेले. प्रत्येक आर्किटेक्चरने आपल्या फायलीत ‘रॉ_’ची मालिका पुरवावी, अशी योजना होती.

पण सगळी आर्किटेक्चरे एकदम तयार नव्हती. ज्यांनी हा आधार दिला त्यांच्याकडे ‘लोकल_’ हे ‘रॉ_’ला हाक मारी. ज्यांनी दिला नाही त्यांच्याकडे जुनेच ‘लोकल_’ शिल्लक, म्हणून सामान्य हेडर फाइल ‘रॉ_’चा अर्थ ‘लोकल_’ असा लावून देई. एका कॉन्फिगरेशनमध्ये बाण डावीकडून उजवीकडे, दुसऱ्यात उजवीकडून डावीकडे. पत्ता विचारायला गेलेल्याला पहिल्या घराने दुसऱ्याकडे पाठवावे आणि पुढच्या गावात दुसऱ्या घराने पहिल्याकडे, तशातली गत. आता ही फाइल वाचणाऱ्याची स्थिती पाहा. ‘रॉ_लोकल_आयआरक्यू_सेव्ह()’ हे आर्किटेक्चरने दिले आहे की सामान्य कोडने? ते लॉकडेपला खबर देते की नाही? ते मॅक्रो आहे की फंक्शन? एकाही प्रश्नाचे उत्तर नावात नव्हते, आणि फायलीतही ‘तुम्ही कोणते आर्किटेक्चर धरले आहे’ हे विचारल्याशिवाय मिळत नव्हते.

हॉवेल्स यांच्या बदलाचा गाभा इतकाच, की आर्किटेक्चरकडून अपेक्षित नावांचा एक संच असावा, वापरणाऱ्यांसाठी दुसरा, आणि पहिल्याला गुंडाळून दुसरा बनवावा. कधीही उलट नाही. ‘आर्च_’ने सुरू होणारे ते आर्किटेक्चरचे देणे. त्यावर ‘रॉ_लोकल_’ ही सामान्य कोडमधली पातळ घडी. ती खबर देत नाही, पण ‘फ्लॅग्ज’ हा ‘अनसाइन्ड लाँग’ प्रकारचाच आहे ना, एवढे कंपाइल होताना तपासते. सर्वांत वर ‘लोकल_’, जे खबर देते आणि जे ड्रायव्हरांनी वापरायचे. बाण सदैव वरून खाली. ‘आर्च_लोकल_आयआरक्यू_सेव्ह()’ हे साधे फंक्शन आहे, जुनी स्थिती परत करणारे. ‘लोकल_आयआरक्यू_सेव्ह()’ मात्र मॅक्रो आहे आणि कंसात दिलेल्या चलात स्वतःच लिहितो; जुन्या ड्रायव्हरांच्या सवयीमुळे ते तसेच राहू दिले. ज्याला नवे आर्किटेक्चर आणायचे आहे त्याने काय लिहायचे याची यादी आता एका उपसर्गाने शोधता येते. याच उपसर्गाची वाट थॉमस ग्लाइक्सनर यांनी वर्षभर आधी स्पिनलॉकसाठी पाडली होती. डिसेंबर 2009 मध्ये, 2.6.33 साठी, आर्किटेक्चरच्या पातळीवरचे कुलूप ‘आर्च_स्पिनलॉक’ झाले आणि ‘रॉ_’ हे नाव मोकळे करून दिले गेले.

आर्किटेक्चरला स्वतःचे नाव आणि स्वतःची खोली देण्याचा लाभ कुठे होतो, तर जिथे यंत्र आपल्या अपेक्षेप्रमाणे वागत नाही तिथे. हॉवेल्स यांनीच सांभाळलेले एफआरव्ही हे आर्किटेक्चर घ्या. तिथे प्रोसेसरच्या स्थितीचे रजिस्टर हाताळणे वेळखाऊ होते. म्हणून ‘आर्च_लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ ते रजिस्टर हाताळतच नसे. ते गणिताच्या निकालासाठी असलेल्या एका कंडिशन-कोडमधला बिट बदलून ठेवी. इंटरप्ट खरोखर आलाच, तर प्रवेशद्वारावरचा कोड तो बिट पाही, ‘सध्या नको’ हे ओळखी, तेव्हा कुठे खरेखुरे बंद करी आणि परत जाई. पुन्हा चालू करायच्या वेळी राहिलेला इंटरप्ट उरकला जाई. बहुतेक वेळा त्या दोन ओळींच्या काळात इंटरप्ट येतच नाही, त्यामुळे महागडे काम बहुतेक वेळा टळते. 64 बिटांच्या पॉवरपीसीवर आजही हीच तऱ्हा आहे. प्रत्येक प्रोसेसरच्या खासगी नोंदीत एक खूण केली, की ‘बंद’ झाले. ज्याला हार्डवेअरचे खरे बंद हवे त्याच्यासाठी तिथे ‘हार्ड_आयआरक्यू_डिसेबल()’ वेगळे आहे. आता विचार करा, या फंक्शनाला कोणी ‘सीएलआय’ म्हटले असते तर ते धडधडीत खोटे ठरले असते. काहीही पुसले जात नाही, आणि तरीही हाक मारणाऱ्याला दिलेला शब्द पूर्ण पाळला जातो.

आर्म64 वर याहून अलीकडचे उदाहरण आहे. मे 2019 मधल्या 5.1 आवृत्तीपासून तिथे, कर्नल सुरू करताना तसे सांगितले तर, इंटरप्ट बंद करणे म्हणजे प्रोसेसरचा मास्क-बिट लावणे राहत नाही. इंटरप्ट कंट्रोलरच्या प्राधान्य-मास्क रजिस्टरात एक मूल्य लिहिले जाते. त्यामुळे काही निवडक, अधिक प्राधान्याचे इंटरप्ट ‘बंद’ काळातही आत येऊ शकतात आणि एनएमआयसारखे वापरता येतात. एकाच फंक्शनाच्या पोटात, एकाच प्रोसेसरावर, दोन वेगळ्या यंत्रणा. म्हणूनच ‘सेव्ह’ने दिलेली ‘फ्लॅग्ज’ ही किंमत कधीही उघडून पाहू नये. ती जशी मिळाली तशी ‘रिस्टोअर’ला परत करावी. इंटेलवर ती फ्लॅग रजिस्टरची प्रत असते, इथे ती मास्कचे मूल्य असते. जुन्या 32 बिटांच्या स्पार्कवर तर त्या किमतीत रजिस्टर-खिडकीचा क्रमांकही येई, म्हणून ती एका फंक्शनातून दुसऱ्यात नेणेच चुकीचे होते.

इंटेलच्या प्रोसेसरावरही आता साखळी लांब झाली आहे. ड्रायव्हर ‘लोकल_आयआरक्यू_डिसेबल()’ म्हणतो, ते ‘रॉ_’ला बोलावते, ‘रॉ_’ ‘आर्च_’ला, आणि ‘आर्च_’ उघड्या यंत्रावर ‘नेटिव्ह_आयआरक्यू_डिसेबल()’ला, ज्याच्या पोटात अखेर ती 1978 सालची ‘सीएलआय’ इन्स्ट्रक्शन आहे. झेन या हायपरव्हायझरखाली पॅराव्हर्च्युअल पद्धतीने चालणाऱ्या कर्नलला मात्र ती चालवण्याचा अधिकार नसतो. तिथे ‘आर्च_’ची वाट वेगळीकडे वळते आणि हायपरव्हायझरशी सामाईक असलेल्या मेमरीत एक बाइट लिहिला जातो. ‘रिस्टोअर’चे पोटही बदलले. पूर्वी ते ‘पॉपएफ’ इन्स्ट्रक्शनने सगळे फ्लॅग परत लावी. ती संथ आहे, म्हणून अलीकडच्या कर्नलमध्ये जुनी स्थिती ‘चालू’ असेल तरच ‘एसटीआय’ केले जाते, एरवी काहीच नाही. हे सगळे होत असताना वरच्या लाखो ओळींना कोणी हात लावला नाही. या कुटुंबातले आणखी एक नाव मला विशेष भावते: ‘आर्च_सेफ_हॉल्ट()’. रिकामा प्रोसेसर झोपवायचा तर आधी इंटरप्ट चालू करायचे आणि मग ‘एचएलटी’ करायचे. या दोहोंच्या फटीत इंटरप्ट येऊन गेला तर जागे करणारा आधीच निघून गेलेला असतो आणि प्रोसेसर झोपून राहतो. इंटेलची ‘एसटीआय’ आपल्यानंतरची एक इन्स्ट्रक्शन पूर्ण होईपर्यंत इंटरप्ट आत घेत नाही, म्हणून ‘एसटीआय’ला चिकटून ‘एचएलटी’ लिहिले की फट बुजते. दोन वेगळी फंक्शने एकामागोमाग बोलावून ही खात्री मिळत नाही. ‘सेफ’ हा शब्द ती जोडी तोडू नका, असे सांगतो.

सगळे सुरळीत झाले असे मात्र मी म्हणणार नाही. ‘रॉ_’ या उपसर्गाचे दोन अर्थ आजही शेजारी-शेजारी राहतात. ‘रॉ_लोकल_आयआरक्यू_’मध्ये त्याचा अर्थ खबर न देणारे. ‘रॉ_स्पिन_लॉक’मध्ये त्याचा अर्थ काहीही झाले तरी खरोखर फिरत राहणारे, ते लॉकडेपला खबर देतेच. नोव्हेंबर 2024 मधल्या 6.12 आवृत्तीपासून प्रीएम्प्ट-आरटी ही रिअल-टाइम बांधणी मुख्य कर्नलमध्ये निवडता येते, आणि त्या बांधणीत साधे ‘स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह()’ फिरतही नाही आणि इंटरप्ट बंदही करत नाही. ते झोपू शकणारे कुलूप होते. नावात ‘स्पिन’ आहे, ‘आयआरक्यूसेव्ह’ आहे, आणि दोन्ही घडत नाहीत. असंख्य ड्रायव्हरांची नावे बदलणे परवडणारे नव्हते, हे कारण मला समजते. तरीही हे नाव आता फसवे आहे, आणि शिकवताना ते तसे सांगितलेच पाहिजे.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांसाठी हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. एमआयटीने अध्यापनासाठी लिहिलेला ‘एक्सव्ही6’ हा छोटा कर्नल अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या इंटेलवरच्या जुन्या रूपात इंटरप्ट बंद करणाऱ्या जोडीची नावे ‘पुशसीएलआय()’ आणि ‘पॉपसीएलआय()’ होती. 2019 मध्ये तो रिस्क-फाइव्हवर नेला गेला आणि तीच जोडी ‘पुश_ऑफ()’, ‘पॉप_ऑफ()’ झाली. लिनक्सने अकरा वर्षांत गाठलेले वळण तिथे एका पोर्टमध्ये दिसते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ हे प्रोसेसरही रिस्क-फाइव्हचेच आहेत. या प्रोसेसरांवर काही उभारायचे असेल, तर ‘आर्च_’ची ही यादी आपल्याला फक्त वाचायची नाही, लिहायचीही आहे.

2018 च्या 4.17 आवृत्तीत कोणी वापरत नसलेली आठ आर्किटेक्चरे कर्नलमधून काढली गेली. एफआरव्ही त्यांत होते, कंडिशन-कोडची ती सुंदर युक्ती त्याबरोबर गेली. सामान्य कोडमध्ये त्यासाठी इंटरप्टच्या नावांत काही फेरफार करावा लागला नाही. ‘आर्च_’च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन भाग नीट वेगळे असल्याचा याहून स्वच्छ पुरावा मी देऊ शकत नाही.

वाचकाला विनंती एवढीच, की पुढची प्रकरणे कर्नलचा स्रोत उघडा ठेवून वाचावीत. सुरुवात इंटेलच्या फायलीपासून करू नये. तिथे पॅराव्हर्च्युअलायझेशनच्या अटींनी मुख्य गोष्ट झाकली जाते. रिस्क-फाइव्हच्या विभागातली ‘आयआरक्यूफ्लॅग्ज.एच’ घ्यावी. ती साठ ओळींच्या आत संपते, आणि या पुस्तकातली जवळजवळ सगळी ‘आर्च_’ नावे तिच्यात आहेत.